कॅम्पर घरपोच मागवताय? आधी जागा बुक करा

(आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. हिशोब आहेत, त्यामुळे स्क्रीनशॉट काढून ठेवलात तरी चालेल.)

हेडफोन लावलेत ना? चला मग.

आजचा विषय कॅम्पर. आता जालन्यात कुणाला म्हणा, "कॅम्पर भाड्याने पाहिजे", तर समोरचा विचारणार, "कोणता माल टाकायचाय?" कारण आपल्याकडे कॅम्पर म्हणजे बोलेरो कॅम्पर. पुढे पाच माणसं, मागे मोसंबीचे कॅरेट. आज मी त्या कॅम्परबद्दल बोलत नाहीये. आज बोलायचंय चाकांवरच्या घराबद्दल, ज्यात पलंग, छोटा ओटा, फ्रीज आणि संडास-बाथरूम असतं. रील्समध्ये दिसतं ते. रीलमध्ये सकाळी दार उघडलं की समोर तळं असतं आणि हातात चहाचा मग असतो. त्या संडासाची टाकी कुठे रिकामी झाली, हे मात्र रीलमध्ये दिसत नाही. आजचा अर्धा भाग त्या टाकीवरच आहे.

प्रश्न असा आहे: आई-बाबा, आजी, दोन लहान पोरं अशा घरच्या सगळ्यांना घेऊन दोन-तीन रात्री बाहेर जायचंय. कॅम्पर आपण चालवायचा नाही, कुणीतरी आणून द्यायचा. हे जमतं का, कसं जमतं आणि पैसे कुठे जातात?

"डिलिव्हर्ड कॅम्पर" ही भानगड काय आहे?

वारीत दिंडीचा ट्रक बघितला असेल. वारकरी चालत येतात, पण सामानाचा ट्रक आधीच मुक्कामाला पोचलेला असतो. राहुट्या ठोकलेल्या, चूल पेटलेली. माणूस येतो आणि टेकतो. डिलिव्हर्ड कॅम्पर म्हणजे नेमकं हेच.

अमेरिकेत हा प्रकार रुळलेला आहे. तिथे कॅम्पर बहुतेकदा ट्रेलर असतो, म्हणजे इंजिन नसलेली, मागे जोडून ओढायची खोली. ती ओढायला दणकट पिकअप लागतो आणि रिव्हर्स घ्यायला सराव लागतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या दादा-वहिनीकडे साधी कार असते. मग ते आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरसारख्या ॲपवर कॅम्पर निवडतात आणि डिलिव्हरीचा पर्याय घेतात. मालक तो ट्रेलर कॅम्पग्राउंडच्या ठरलेल्या प्लॉटवर आणतो, चाकांना अडण्या लावतो, जॅक लावून लेव्हल करतो, पाण्याचा पाइप आणि विजेची वायर जोडतो, दहा-पंधरा मिनिटं सगळं समजावतो आणि निघून जातो. फॅमिली आपल्या कारने येते. शेवटच्या दिवशी मालक येऊन ट्रेलर घेऊन जातो.

हे तिथे चालतं, कारण कॅम्पग्राउंड तयार असतात. केओए ही तिथली मोठी साखळी १९६२ साली मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात सुरू झाली. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ प्लॉट आखून, नळ, विजेचा खांब आणि ड्रेनेज देऊन भाड्याने द्यायचा धंदा तिथे चालू आहे. ज्या प्लॉटवर पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडता येतं, त्याला फुल हुकअप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या मांडल्यात: एक कॅराव्हॅन, म्हणजे गाडी, आणि दुसरी कॅराव्हॅन पार्क, म्हणजे ती उभी करायची जागा. पार्कमध्ये पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह असायला हवं. केरळनेही त्याच वर्षी 'केराव्हॅन' नावाने धोरण आणलं आणि पुढे वागमोनला कॅराव्हॅन पार्क सुरू केलं.

कागदावर दोन्ही गोष्टी आहेत. प्रत्यक्षात आपल्याकडे गाडी मिळणं सोपं झालंय, जागा मिळणं अजून अवघड आहे. पुणे-मुंबईकडे कॅराव्हॅन भाड्याने देणारे सापडतात. गाडी बहुतेक वेळा इंजिनवाली असते आणि सोबत ड्रायव्हर येतो. म्हणजे आपल्याकडचं "घरपोच" म्हणजे गाडी तुमच्या दारात येते, तुम्ही बसता आणि ड्रायव्हर नेतो. पण रात्री ती उभी कुठे राहणार? तिला पाणी कोण देणार? टाकी कुठे रिकामी होणार? हे कुणी आपणहून सांगत नाही.

म्हणून आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: जागा आधी, गाडी नंतर.

टाकीचा हिशोब

आता मी इंजिनिअर असल्यामुळे हे होणारच होतं. पण जालन्याच्या माणसाला टाकीचा हिशोब शिकवायची गरज नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर धुण्याचा दिवस ठरवणारी माणसं आपण.

कॅम्परमध्ये तीन टाक्या असतात. पहिली चांगल्या पाण्याची. दुसरी सांडपाण्याची, म्हणजे बेसिन आणि अंघोळीचं पाणी. तिसरी संडासची. समजा चांगल्या पाण्याची टाकी १५० लिटरची आहे आणि बाकी दोन्ही ८० लिटरच्या. माणसं पाच.

अंघोळीला माणशी १० लिटर, म्हणजे अर्धी बादली. झाले ५० लिटर. भांडी, हात धुणं, ओटा पुसणं यात ३० लिटर. संडासला प्रत्येकजण दिवसातून पाचदा गेला आणि धुणं-फ्लश धरून दर वेळी २ लिटर लागले, तर अजून ५० लिटर. बेरीज १३० लिटर. प्यायचं पाणी वेगळं, त्याचे जार घ्यायचे.

म्हणजे भरलेली टाकी एक दिवस पुरली. सांडपाण्याची टाकी पहिल्याच रात्री काठोकाठ आली. संडासची टाकी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर भरली. आणि हा काटकसरीचा हिशोब आहे. पोरांनी शॉवर सुरू ठेवून गाणी म्हटली तर संपलं!

इथे अजून एक फरक आहे. हे संडास मुळात कागद वापरणाऱ्या लोकांसाठी डिझाइन झालेत. आपण पाणी वापरतो, त्यामुळे आपली टाकी लवकर भरते. जेट स्प्रे असेल तर त्याहून लवकर. उपाय साधा आहे, छोटा मग ठेवा. अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठीसुद्धा हेच लागू आहे.

आता खरा पेच. इंजिनवाली गाडी टाकी भरली की रिकामी करायच्या जागी नेता येते. अमेरिकेत त्याला डंप स्टेशन म्हणतात. पण आणून ठेवलेला ट्रेलर जागचा हलत नाही! त्यामुळे डिलिव्हर्ड ट्रेलर घेताय तर एकतर फुल हुकअपचा प्लॉट घ्या, नाहीतर टाकी उपसायला कोण, कधी, किती पैशात येणार हे आधी लिहून घ्या. तिसरा मार्ग म्हणजे अंघोळ आणि दिवसाचं संडास कॅम्पग्राउंडच्या स्वच्छतागृहात, आणि कॅम्परमधलं फक्त रात्री आजीसाठी आणि पोरांसाठी. महाराष्ट्रात मला हाच मार्ग सगळ्यात व्यवहार्य वाटतो.

आणि हो, टाकी शेताच्या कडेला किंवा ओढ्यात सोडून द्यायची नाही. ड्रायव्हर म्हणाला "सगळे सोडतात", तरी नाही. त्या ओढ्याचं पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत जातं.

विजेचा हिशोब

आपल्याकडे गीझर-एसीचा जो मोठा सॉकेट असतो तो १६ अँपिअरचा. २३० व्होल्ट गुणिले १६ म्हणजे ३,६८० वॉट. अमेरिकेतला ३० अँपिअरचा कॅम्पर प्लग १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देतो. म्हणजे गंमत बघा, दोन्हीकडे मर्यादा जवळपास सारखीच.

आता एसी साधारण १,५०० वॉट, इंडक्शन शेगडी २,००० आणि छोटा गीझर २,००० धरा. तिन्ही एकदम लावले तर ५,५०० वॉट. एमसीबी पडणार. आणि पडला नाही तर जास्त काळजी करा, कारण मग वायर तापतेय. नियम सोपा: या तिघांपैकी मोठं उपकरण एका वेळी एकच. फार तर एसीसोबत दुसरं एक, आणि तेही बाकी सगळं बंद करून. वायर कॅम्परसोबत आलेली जाड आणि अर्थिंगवालीच वापरा. मंडपवाल्याच्या बारीक वायरवर एसी चालवू नका.

जागेवर वीज नसेल तर जनरेटर येतो, आणि जनरेटर आला की कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न येतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो. जनरेटर खिडकी-दारापासून लांब, धूर उलट्या दिशेला. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी आत आणायची नाही, "थोडाच वेळ" म्हणूनसुद्धा नाही. गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी. फोडणी तर बाहेरच द्या, कारण त्या डब्यात मिरचीची फोडणी बसली की सगळं घर खोकत बाहेर येतं आणि धुराचा अलार्म असेल तर तो वेगळा ओरडतो.

जालन्यातून जायचं तर हिशोब कसा बसतो?

आता मुद्द्याचं. भाड्याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, पण बिलाचे भाग तेच: दिवसाचं भाडं, किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, जीएसटी, स्वच्छतेचा चार्ज आणि परत मिळणारं डिपॉझिट. यातला किलोमीटरचा भाग आपल्याला मारतो.

समजा लोणारला जायचंय. जालना ते लोणार जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर. पण गाडी पुण्याहून येणार. पुणे-जालना सुमारे ३०० किलोमीटर, येणं-जाणं ६००. म्हणजे एकूण ७८० किलोमीटरच्या बिलात ६०० किलोमीटर गाडी रिकामी पळणार! डिलिव्हरी ट्रिपपेक्षा तिपटीहून मोठी. "घरपोच" हा शब्द ऐकायला गोड आहे, पण किलोमीटर गॅरेजपासून मोजायचे की तुमच्या दारापासून, हे विचारल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका.

लोणारला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. सरोवर आणि भोवतीचा भाग अभयारण्य आहे, शिवाय २०२० पासून रामसर यादीत आहे, त्यामुळे काठावर वाटेल तिथे गाडी लावून मुक्काम करायचा विचार सोडून द्या. तसंच अजिंठ्याचं. तिथे गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हेही कॅलेंडर बघूनच ठरवा. या दोन-तीन ठिकाणांसाठी मला विचाराल तर स्पष्ट सांगतो: आपली कार आणि साधी रूम. कॅम्परचे पैसे वसूल होत नाहीत.

मग कॅम्पर कधी? जेव्हा चार-पाच दिवस आहेत आणि दोन-तीन मुक्काम करायचेत. आणि त्यासाठी गाडी जालन्यात बोलावण्यापेक्षा आपण गाडीकडे जायचं. मुंबईसाठी आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली आणि आता नांदेडपर्यंत वाढलेली वंदे भारत आहे, देवगिरी आहे. आजीला रेल्वेत बसवा, तिकडे कॅम्पर घ्या, कोकणात उतरा. गाडी घ्यायची स्टेशनजवळ, घराजवळ नाही. "डिलिव्हरी" तशीच राहते, फक्त पत्ता बदलतो, आणि ६०० रिकामे किलोमीटर वाचतात.

समृद्धीने जायचं ठरलं तर एक सूचना. कारला तिथे १२० ची मर्यादा आहे म्हणून उंच, जड गाडी त्या वेगाने न्यायची नसते. वारा आडवा लागतो. ड्रायव्हरला घाई करायला लावू नका आणि टायर बघितल्याशिवाय निघू नका.

जागेच्या मालकाला फोनवर हे विचारा

एमटीडीसीचं रिसॉर्ट असो, कृषी पर्यटन केंद्र असो की कुणाचा फार्म, प्रश्न हेच. बाहेरचा कॅराव्हॅन रात्रभर उभा करू देता का? अमेरिकेतसुद्धा काही कॅम्पग्राउंड बाहेरच्या माणसाने आणून ठेवलेला भाड्याचा कॅम्पर चालवून घेत नाहीत, त्यामुळे तिथेही हा पहिला प्रश्न आहे. जमीन सपाट आणि कडक आहे का? आपली काळी माती एका पावसात चाक गिळते. १६ अँपिअरचा सॉकेट अर्थिंगसकट किती अंतरावर आहे? पाण्याचा नळ आहे का, आणि त्याला पाणी असतं का? (दुसरा प्रश्न मुद्दाम वेगळा आहे.) टाकी कुठे रिकामी करायची? गेटची उंची किती? रात्री स्वच्छतागृह उघडं असतं का, आणि तिथपर्यंत दिवा आहे का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा, जागेचा फोटोही मागवा.

गाडी ताब्यात घेताना

मोबाइल काढा आणि व्हिडिओ सुरू करा. बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी, प्रत्येक ओरखडा बोलून दाखवा. डिपॉझिट परत मिळताना हा व्हिडिओ कामाला येतो.

नंबर प्लेट बघा. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी असेल तर पिवळ्यावर काळे आकडे. स्वतः चालवायची भाड्याची असेल तर काळ्यावर पिवळे. पांढरी प्लेट म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने दिली असेल आणि अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करू शकते. स्वस्तात मिळतेय म्हणून घरातली सगळी माणसं अशा गाडीत बसवू नका.

टायरवर चार आकडे शोधा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. एसी वीस मिनिटं चालवून बघा. फ्रीज आधीच थंड आहे का, दोन्ही घाण टाक्या रिकाम्या आहेत का, अग्निशामक सिलिंडरची तारीख काय, गॅसच्या जोडाला साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे येतात का, हे सगळं मालक समोर असतानाच बघा.

आणि गाडी चालू असताना कुणीही पलंगावर झोपायचं नाही. जितके सीटबेल्ट तितकीच माणसं. ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये तर कुणीच बसायचं नाही.

आजीचं काय?

हे मी शेवटी ठेवलंय, पण ठरवताना पहिलं हेच ठरवा. कॅम्परची सगळ्यात मोठी सोय म्हणजे रात्री चार पावलांवर कमोड. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही चैन नाही, हाच बाहेर पडायचा किंवा न पडायचा प्रश्न असतो. कितीतरी घरांत आजी "मी घरीच राहते, तुम्ही या जाऊन" म्हणते, त्यामागे देवपूजा नसते, संडासची धास्ती असते.

पण त्याच कॅम्परची पायरी गुडघ्याइतकी उंच असू शकते. दाराला धरायला दांडा आहे का? वरचा पलंग सोडून खाली झोपायला जागा आहे का? बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर? मालकाला फोटो मागा आणि ते आजीलाच दाखवा. ती "जमेल" म्हणाली तर बुक करा. पायरी जास्त उंच असेल तर एक मजबूत पाट किंवा लाकडी स्टूल सोबत घ्या.

तुमचे दोन प्रश्न, पटकन

*कधी जावं?* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात पत्र्याच्या डब्यात एसी रात्रभर लागणार, आणि विजेचा हिशोब तुम्ही आत्ता ऐकलाच.

*पहिल्यांदा किती दिवस घ्यावा?* दोन रात्री, एकाच जागी, पाणी आणि वीज असलेल्या ठिकाणी. तिथे टाकीचा अंदाज आला की मग पुढच्या वेळी फिरता मुक्काम.

तर मंडळी, गाडीच्या फोटोवर बोट जाण्याआधी जागेच्या मालकाला फोन जाऊ द्या. एवढं केलंत तर अर्धी ट्रिप तिथेच जमली. तुमच्या माहितीत मराठवाड्यात कॅराव्हॅन उभी करू देणारी, पाणी-वीज असलेली जागा असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्याने ते तळ्याचं रील पाठवलंय त्याला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.